वल्हं, चिमटा आणि आपली चंद्रभागा

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी मला "काका, डेन्मार्कची गंमत सांगा" म्हणून उभं केलं आहे. गंमत सांगतोच. पण तिच्या शेवटी एक कबुली आहे, तीही ऐकून घ्या.

मुलीकडे कोपनहेगनला गेलो होतो. एका रविवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, नाव चालवू." मी आधी भाडं विचारलं. तर म्हणे, फुकट! अट एकच. नावेसोबत एक बादली आणि लांब चिमटा देतात. दोन तास वल्हं मारायचं, पाण्यातला कचरा उचलायचा आणि परत आल्यावर त्याचं वजन करून नोंदवायचं. 'ग्रीनकयाक' नावाचा हा उपक्रम तिथे २०१७ मध्ये सुरू झाला. या वयात लाइफ जॅकेट घालून मी नावेत बसलो बाप्पा! काठावरून हात पोहोचत नाही अशा खाचांमध्ये, गवतामध्ये कचरा अडकतो. ही चिंचोळी नाव तिथवर जाते.

पण तिथलं पाणी नुसत्या चिमट्याने स्वच्छ झालेलं नाही. शहराने आधी बरीच वर्षं खर्च करून सांडपाणी अडवलं, तेव्हा कुठे २००२ मध्ये बंदरात पोहण्याची जागा सुरू झाली. नाववाले उरलेलं उचलतात.

हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. केरळात चालियार नदीवर २०१५ पासून हौशी वल्हेकरी निलंबूर ते बेपूर असे सुमारे ६८ किलोमीटर तीन दिवसांत जातात आणि वाटेत प्लास्टिक गोळा करतात. आपल्या मुंबईत अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला सुरुवात केली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. तरी पावसाळा आला की समुद्र पुन्हा कचरा आणून टाकतो, आणि माणसं पुन्हा उचलायला जातात.

आता कबुली. त्या दिवशी माझ्या चिमट्यात एक पुडकं आलं. चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कुजलेली फुलं. कोणीतरी कोणाच्या तरी आठवणीत सोडली असतील. माझा हात तिथेच थांबला. जावयांनी विचारलं, "काय झालं, बाबा?" मला बोलता आलं नाही.

तुमच्या काकू गेल्या, तेव्हा दहाव्याला आपण धापेवाड्याला चंद्रभागेवर गेलो होतो. तुमच्यापैकी कितीतरी जण सोबत होते, ते मी विसरणार नाही. पण सगळं आटोपल्यावर थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याचे पाऊच आणि हारफुलांची पिशवी आपण तिथेच ठेवून आलो. २३ मार्च २०१८ पासून राज्यात अशा प्लेटांवर बंदी आहे. मला ते माहीत होतं. दुःखात कोण लक्ष देतं, असं मी मनाला समजावलं. पण जिने आयुष्यभर घरात कागदाचा कपटा पडू दिला नाही, तिच्या नावाने मी नदीत कचरा टाकला.

विदर्भाची पंढरी म्हणून आपण धापेवाड्याला हात जोडतो. तिथल्या नदीतलं पाणी कन्हानला जातं, कन्हान वैनगंगेला मिळते, पुढे गोसीखुर्दचं धरण आहे. म्हणजे माझी पिशवी काठावर राहिलेली नाही. पहिल्या पुराबरोबर ती निघाली. खाली कोणाच्या शेतात, कोणाच्या जाळ्यात गेली, देव जाणे.

आपल्या चंद्रभागेवर नाव चालवायला बाराही महिने पाणी नसतं. उन्हाळ्यात तर पात्रात पायीच उतरता येतं. म्हणून आपल्याला नावेची गरज नाही. चिमटे, हातमोजे आणि पोती पुरेत. माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत निर्माल्याचा खड्डा करू. फुलांचं खत आपल्याच झाडांना घालू.

दोन, कोणाकडेही दुःखद प्रसंग आला, तर त्या घराने काही बोलायची वाट न पाहता शेजाऱ्यांनी पळसाच्या पत्रावळी, पाण्याची कळशी आणि एक रिकामं पोतं सोबत घ्यावं. परतताना पोतं भरून आणावं. त्या घरच्या माणसाला त्या दिवशी काही सुचत नसतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

तीन, दरवर्षी मृग लागायच्या आधीचा एक रविवार नदीसाठी द्यावा. पूर आल्यावर आपल्या हातात काही राहत नाही.

पहिल्या रविवारचे चिमटे आणि पोती माझ्याकडून, काकूंच्या नावाने. पोट्ट्यांनो, सकाळी साडेसहाला गेटवर या. वजनकाटा मी आणतो.