पिनेचे दोन शब्द

उत्तर इटलींत इव्रेआ नांवाचें एक जुनें शहर आहे. इ. स. १००२ मध्यें तेथील आर्डुइन हा सरदार इटलीचा राजा झाला आणि १०१४ मध्यें त्यास सिंहासन सोडावें लागलें. त्याच्या नांवाचें एक मद्यगृह त्या शहरांत होतें. २००५ सालीं तेथील एका शिक्षणसंस्थेंतील मंडळींनीं विद्यार्थ्यांकरितां जो स्वस्त बोर्ड तयार केला, त्यास त्यांनीं त्या मद्यगृहाचेंच नांव दिलें. राजाची कीर्ति अखेर कोठें जाऊन टिकली पाहा!

या आर्डुइनोच्या 'उनो' नामक बोर्डावर ० ते १३ अशा १४ डिजिटल पिना आहेत. प्रत्येकीला दोनच शब्द बोलतां येतात: 'हाय' म्हणजे ५ व्होल्ट, 'लो' म्हणजे शून्य. मात्र बोलण्यापूर्वीं तिला परवानगी हवी. बोर्ड सुरू होतांना पिना ऐकण्याच्या स्थितींत असतात. 'पिनमोड' या आज्ञेनें जिला 'आउटपुट' ठरवावें, तीच पुढें 'डिजिटलराइट'चा हुकूम नीट पाळते. नवशिके ही पहिली आज्ञा हटकून विसरतात. मग ८ क्रमांकाच्या पिनेस जोडलेला एल. ई. डी. दिवा धड पेटत नाहीं, नुसता मिणमिणतो. कारण त्या स्थितींत 'हाय' म्हटल्यानें चिपमधील २० ते ५० हजार ओहमांचा रोध मध्यें येतो व त्यांतून प्रवाह केवळ झिरपतो. दोष बिचाऱ्या दिव्यास दिला जातो.

याहून महाग पडणारी चूक निराळी. एका पिनेकडून २० मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा. ४० ही तिची अखेरची सहनमर्यादा. तांबड्या एल. ई. डी.वर सुमारें २ व्होल्ट खर्ची पडतात. उरलेल्या ३ व्होल्टांपुढें २२० ओहमांचा रोधक ठेवला कीं सुमारें १४ मिलिअँपिअर वाहतात. येथवर ठीक. पण ५ व्होल्टांच्या सामान्य रिलेचें वेटोळें ७० मिलिअँपिअरच्या आसपास मागतें. तें थेट पिनेस जोडणें म्हणजे पोराच्या डोक्यावर धान्याचें पोतें देणें होय. मध्यें ट्रान्झिस्टर घालावा. पिनेनें इशारा करावा, ओझें त्यानें वाहावें. शिवाय वेटोळ्यावर उलटा डायोड हवाच. कारण प्रवाह तोडतांच वेटोळें उलट दाबाचा असा झटका मारतें, कीं ट्रान्झिस्टरच निकामी व्हावा.

जळालेली पिन तक्रार करीत नाहीं. प्रोग्राम सुरळीत चढतो, संगणकाच्या पडद्यावर चूक दिसत नाहीं, बाकीच्या पिनाही बहुधा चालूच राहतात. म्हणून दिवा लागेनासा झाला, तर घरच्या मुलानें प्रोग्राम तपासण्यांत रात्र घालविण्यापूर्वीं तोच दिवा रोधकासह शेजारच्या पिनेस लावावा आणि दोन्ही आज्ञांतील क्रमांक बदलावा. तेथें तो लागला, तर जुन्या पिनेवर फुली मारून पुढें चालावें. अजून १२ उरतात.