पाच वॅटचा निरोप

(कुर्डुवाडी येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मी वक्ता नाही. सारी नोकरी रेल्वेत गेली, तीही बोलण्यापेक्षा ऐकण्याची. तारेच्या टेबलावर बसून मी कान तयार केला, हीच माझी शाळा. त्यामुळे सातपुड्यातल्या कामाबद्दल बोला असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, प्रवचन पाळकसाहेबांनी करावं, मी यंत्राबद्दल बोलतो.

कुर्डुवाडीकरांना तारेची ओळख करून द्यायची गरज नसावी. या गावाला पूर्वी बार्शी रोड म्हणत. 1897 साली इथून बार्शीला अडीच फुटी रूळ टाकले, पुढे लाईन 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. मिशन दवाखान्यात जायचं म्हणून आपल्यातल्या किती जणांचे आजोबा त्या छोट्या गाडीत बसले असतील! रुळांच्या कडेने खांब असत, खांबांवर तारा, आणि स्टेशनात तारबाबू. एक टिंब, एक रेघ, एवढ्या भांडवलावर सगळा कारभार चाले. सरकारी तार तर 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. पेपरात फोटो आले, लोक शेवटची तार करायला रांगेत उभे राहिले. मलाही वाटलं, संपलं आता.

पण संपलं नव्हतं, आणि हे मला कळायला एक वाईट पहाट कारण झाली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला मी ड्यूटीवर होतो. टेबलावरचा पेला आपोआप सरकला. किल्लारीचं नाव तोपर्यंत आमच्यापैकी अनेकांनी ऐकलंही नव्हतं. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढच्या दिवसांत तिकडे गेलेल्यांकडून एक नवा शब्द कानावर आला, हॅम. टेलिफोन बंद असताना ही मंडळी मोटारीची बॅटरी आणि झाडाला बांधलेली वायर एवढ्यावर निरोप पोचवत होती. ना सरकारी नोकर, ना व्यापारी. हौस म्हणून परीक्षा देऊन सरकारचा परवाना घेतलेली साधी माणसं. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद नावाच्या हॅम भगिनी आपल्या सोबत्यांसह योगायोगाने अंदमानातच होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांनी जो संपर्क चालू ठेवला तो सगळ्या देशाने ऐकला. किल्लारीनंतर काही वर्षांनी मीही परीक्षा दिली. मोर्स मला येतच होतं, बाकीची विद्या मात्र नव्याने शिकावी लागली.

आता सातपुड्याकडे येतो.

अक्राणी म्हणजे धडगाव तालुका. डोंगराच्या सोंडेवर चार घरं, खाली नाला, पलीकडच्या सोंडेवर आणखी पाच. याला पाडा म्हणतात. पावरा आणि भिल्ल बांधवांची ही वस्ती. फोन आज बहुतेक घरांत आहे, रेंज नाही. प्रत्येक पाड्याची एक ठरलेली टेकडी असते. तिथे जाऊन हात उंच केला की दोन काड्या दिसतात. दिवसा, कोरड्या हवेत. चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये काय झालं ते आपल्या सेवाकार्यातल्या सिस्टरनी मला सांगितलं. रात्री बाई अडली. मूल आडवं होतं. नवरा पावसात त्या टेकडीवर गेला, तासाभराने फोन लागला, गाडी निघाली. पण गाडी नाल्याच्या कुठल्या बाजूला येणार आणि बाईला कुठल्या बाजूला न्यायचं हे कोणी कोणाला सांगू शकलं नाही. बांबूला झोळी बांधून चौघे तिला घेऊन एका वाटेने उतरले, गाडी दुसऱ्या वाटेला थांबून राहिली. पहाट झाली. बाई वाचली. बाळ गेलं.

रेडिओ असता तर बाळ वाचलं असतं का? मला माहीत नाही, आणि देणगी मिळावी म्हणून मी तसं कधी बोलणार नाही. रेडिओने नाल्याचं पाणी ओसरत नाही. पण माणसं दोन वेगवेगळ्या वाटांवर एकमेकांची वाट पाहत बसली नसती, एवढं मी खात्रीने सांगतो.

मोर्सच्या स्वतःच्या घरात असंच घडलं होतं. सॅम्युअल मोर्स हा पाळकाचा मुलगा, धंद्याने चित्रकार. 1825 मध्ये तो वॉशिंग्टनला एक मोठं चित्र काढण्यात गुंतलेला असताना घरी त्याची बायको वारली. वडिलांचं पत्र मिळून तो घरी पोचेपर्यंत तिला पुरलंही होतं. पुढे 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश गेला, तो कुठला होता ठाऊक आहे? गणना, अध्याय 23, ओवी 23. घरी जाऊन जरूर उघडून पाहा.

तर हे यंत्र. (इथे पेटी उघडून दाखवली.) जेवणाच्या डब्याएवढं आहे. याची ताकद पाच वॅट. घरात रात्री लावतो तो छोटा दिवा साधारण एवढाच असतो. हॅम लोकांच्या भाषेत कमी ताकदीच्या या कामाला क्यूआरपी म्हणतात. पाच वॅटमध्ये धडगावहून कुर्डुवाडी कसं गाठणार, हा प्रश्न आपल्या एका शिक्षक बंधूंनी मला चिठ्ठीवर लिहून दिला आहे. उत्तर शेतातलं आहे. पाटाने पाणी सोडलं तर सगळ्या रानात पसरतं आणि ठिबकने सोडलं तर तेवढंच पाणी थेट मुळाशी जातं. माणसाचा आवाज रेडिओवरून पाठवायचा तर सुमारे अडीच हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते, ताकद तेवढ्यावर पसरते. मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते. सगळी ताकद एका बारीक धारेत जाते. शिवाय ऐकणाऱ्याला शब्द समजावे लागत नाहीत, फक्त आवाज आहे की नाही एवढंच कळावं लागतं, आणि खरखरीतूनही शिट्टी वेगळी काढण्यात आपला कान फार हुशार आहे.

दुसरी गोष्ट वायरीची. चाळीस मीटर नावाच्या पट्ट्यावर, म्हणजे सात मेगाहर्ट्झवर, साधारण वीस मीटर लांबीची वायर लागते, मधोमध तोडून दोन भाग केलेली. ती उंच टॉवरवर नेऊ नका, दोन झाडांना चार-पाच मीटरवर बांधा. मग लाट सरळ वर जाते, आभाळातल्या विद्युतभारित थरावर आपटते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी चहूकडे खाली पडते. मधे डोंगर असला तरी ती त्याच्या वरून येते. दरीत बसलेल्या माणसाला याचाच उपयोग.

गेल्या हिवाळ्यात आम्ही करून पाहिलं. एका पाड्याजवळच्या महूच्या झाडाला वायर बांधली. दुचाकीत असते तसली बारा व्होल्टची बॅटरी आणि चादरीएवढाही नसलेला सौर पत्रा. माझे एक परवानाधारक मित्र इथे कुर्डुवाडीत गच्चीवर बसले. हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या वर. सकाळी अकराला मी त्यांची खूण हाक मारली आणि दुसऱ्या हाकेला उत्तर आलं. त्यांनी विचारलं, तिथे थंडी किती? मी मराठीच शब्द रोमन अक्षरांत पाठवला: कडाक्याची. शेवटी त्यांनी 73 दिले. आमच्यात निरोप घेताना शुभेच्छा म्हणून हा आकडा देतात.

संध्याकाळी पुन्हा हाक मारली तर काही नाही. सूर्य मावळला की तो वरचा थर विरळ होतो आणि जवळची स्टेशनं या पट्ट्यावर हरवतात. रात्रीसाठी साडेतीन मेगाहर्ट्झचा पट्टा आणि दुप्पट लांब वायर लागते. बाई अडते ती बहुधा रात्रीच, म्हणून हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ती वायर आता तयार आहे, पावसाळ्याआधी तपासायची आहे.

आता थोडं कडू. मागच्या बैठकीत एका हितचिंतकांनी उत्साहाने सुचवलं की दर आठवड्याचा कामाचा अहवाल आणि हिशेब रेडिओवर कळवावा. तसं करता येणार नाही. हौशी रेडिओवरून संस्थेचा रोजचा कारभार चालवायला परवानगी नाही, गुप्त भाषेत बोलायला नाही, प्रसारण करायला नाही, आणि मोबदला घेऊन तर मुळीच नाही. दुसऱ्याचा निरोप देता येतो तो आपत्तीत, नेहमीची साधनं बंद पडलेली असताना. परवाना नसलेल्याने बटण दाबणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. परदेशातल्या मित्रांकडून उपग्रह फोन मागवू असंही कोणी म्हणालं. तोही सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही. सीमेजवळच्या डोंगरात आपण परके, अशा गोष्टीत आपलं वागणं चोख हवं.

म्हणून मला यंत्रांसाठी पैसे नकोत. यंत्र मी स्वतः जोडतो; हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाची रचना सगळ्यांसाठी खुली केली, तेव्हापासून आपल्या देशात घरी रेडिओ जोडणारे खूप झाले. मला माणसं हवीत, आणि तीही इथली नकोत. कुर्डुवाडीचा म्हातारा जुलैच्या रात्री धडगावच्या डोंगरात काय कामाचा? परवाना पाड्यावरच्या मुलाकडे हवा. वयाची अट बारा वर्षांची आहे. विषय दोन, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. वरच्या श्रेणीसाठी मी बसलो तेव्हा मोर्सही होतं.

वसतिगृहातल्या सहा मुलांना आणि दोन मुलींना मी सुट्टीत शिकवायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस फळ्यावर टिंबं-रेघा काढल्या आणि साफ फसलो. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, गुरुजी, लिहू नका, वाजवा. पावरांच्या होळीचा ढोल ज्यांनी ऐकला आहे त्यांना कळेल. ही लेकरं ताल पोटात घेऊन जन्मतात. मी टेबलावर वाजवत गेलो, ती मांडीवर उतरवत गेली. आठवड्यात अर्धी अक्षरं झाली. मला तारेच्या टेबलावर यापेक्षा बराच जास्त वेळ लागला होता, आणि साहेबाची छडीही लागली होती.

अडचण मोर्सची नाही. पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि ही मुलं घरी पावरी बोलतात, शाळेत मराठी. इंग्रजी त्यांची तिसरी भाषा. परीक्षेला शहरात जायचं तर दोन दिवस मोडतात आणि पालकांची मजुरी बुडते. नियमांच्या भागाचं सोपं मराठी टिपण मी लिहितो आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, विज्ञानाचे आणि इंग्रजीचे. उन्हाळ्यात पंधरा दिवस कोणी धडगावला येऊन राहील का? राहण्याची सोय साधी आहे. डाळ-भाकरी चांगली मिळते. आठ जणांचा परीक्षेचा आणि प्रवासाचा खर्च किती येईल तो कागद खजिनदारांकडे दिला आहे, तो पाहून ज्याला जेवढं जमेल तेवढं.

आणि प्रार्थनेत त्या आईचं स्मरण ठेवा. तिला नंतर मुलगी झाली, दवाखान्यात, दिवसा.

चहानंतर बाहेर या. मंदिराच्या आवारातल्या दोन लिंबांना मी सकाळीच वायर बांधून ठेवली आहे, कोणी त्यावर कपडे वाळत घालू नका. मुलांनी आधी यावं, मोठ्यांनी मागे उभं राहावं. माझे मित्र बारा वाजता हाक मारणार आहेत.