घोरणं मध्येच थांबतं तेव्हा



दिवसभर पेंगुळल्यासारखं वाटतं म्हणून कुणी एकटाच आला, की मी सांगतो, पुढच्या खेपेला वहिनींना घेऊन या. झोपेत श्वास अडण्याचा आजार ज्याला असतो तोच नेमका त्या वेळी झोपलेला असतो. "झोपेची कसली तक्रार, डॉक्टर? पडलो की ढाराढूर!" असं म्हणणाऱ्याला बाहेर बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागलेली असते. खरं काय ते वहिनी सांगतात. "घोरण्याची सवय झालीय हो. पण मध्येच आवाज बंद पडतो ना, तेव्हा मी उठून बसते. आकडे मोजते."

इथेच निम्मं निदान झालं. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट मिटते. छाती ओढ घेत राहते, हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, वाट उघडते. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. झोपेच्या तपासणीत 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला, की एक खेप धरतात. तासाला 30 खेपा झाल्या की आजार तीव्र. मग सकाळी डोकं जड, रात्री वारंवार लघवीला उठणं, औषधांना दाद न देणारं ब्लडप्रेशर. आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी, तिची मला सर्वांत भीती वाटते. बायकांनाही हा आजार होतो, विशेषतः पाळी गेल्यावर. फक्त तेव्हा आकडे मोजायला नवरोबा जागे नसतात!

पूर्वी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडत. 1980 साली सिडनीतल्या एका रुग्णाने त्याला नकार दिला. डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली आणि नाकातून मंद दाबाची हवा सोडली. त्या दाबाने घसा उघडा राहिला. आजचं सीपॅप यंत्र त्यातूनच आलं. मास्क मापाचा नसेल तर हवा डोळ्यांत जाते. तो बदलून घ्या, यंत्र माळ्यावर टाकू नका. आजार सौम्य असेल तर वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं, कुशीवर झोपणं, दातांवर बसवायचं साधन, यांवरही भागतं. उताणं झोपायची सवय मोडायला बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवणारेही आहेत.

यंत्र घरी नेल्यावर एक वहिनी सांगत होत्या, "पहिल्या रात्री हे गाढ झोपले, आणि मीच जागी. इतकं शांत, की दोनदा छातीवर हात ठेवून पाहिला."