वीराची वाट आणि दात्याचे दार
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



कोणत्याही देशाच्या पुराणकथा वाचल्या तरी एक रचना पुन्हा पुन्हा आढळते. नायक घर सोडतो, अरण्यात किंवा परमुलखात जातो, तेथे त्याची कठोर कसोटी लागते आणि जे मिळवायचे ते मिळवून तो आपल्या लोकांत परततो. अमेरिकन विद्वान जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात या रचनेचे प्रस्थान, दीक्षा आणि प्रत्यागमन असे तीन भाग सांगितले.

जैन श्रोत्याला ही रचना नवी नाही. ‘जिन’ या शब्दाचा अर्थच जिंकणारा असा आहे. भगवान महावीरांनी वयाच्या ३०व्या वर्षी राजवैभवाचा त्याग केला, सुमारे साडेबारा वर्षे उपसर्ग आणि परीषह सहन केले आणि केवलज्ञान प्राप्त झाल्यावर ७२व्या वर्षी पावापुरी येथे निर्वाण होईपर्यंत लोकांना धर्मोपदेश केला. प्रस्थान, कसोटी आणि लोकांसाठी परतणे या तिन्ही पायऱ्या येथे आहेत. या वीराने जिंकलेला शत्रू मात्र राग-द्वेषाच्या रूपाने अंतःकरणातच वसणारा होता.

वीराकडे सर्वांचेच लक्ष जाते. वाटेत ज्याच्या दाराशी तो उभा राहतो, त्या माणसाचा विचार क्वचितच होतो. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली शंभर रशियन अद्भुतकथांचा अभ्यास करून कथेतील पात्रांच्या सात भूमिका निश्चित केल्या. त्यांपैकी एक भूमिका ‘दाता’ ही आहे. त्या कथांत दाता आधी नायकाची परीक्षा घेतो आणि मगच त्याला अद्भुत वस्तू देतो. आपल्या कथांत बहुधा याच्या उलट घडते. येथे दारात आलेला यात्रिक काही न बोलता दात्याचीच परीक्षा घेतो.

भगवान ऋषभदेव दीक्षेनंतर आहारासाठी गावोगाव फिरले. लोकांनी भक्तिभावाने हत्ती, घोडे, रत्ने पुढे केली. परंतु या महात्म्याला घासभर अन्न द्यावे, हे कोणास सुचले नाही. वर्षाहून अधिक काळ उपवास घडला. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी उसाचा रस अर्पण केला आणि तो दिवस अक्षय तृतीया म्हणून अमर झाला. लोकांकडे देण्याची इच्छा होती, ऐपतही होती. समोरच्याची गरज ओळखणारी दृष्टी तेवढी नव्हती.

चंदनबालेची कथा याहून पुढे जाते. राजकन्या असून ती कौशांबीच्या बाजारात विकली गेली. मुंडन केलेले मस्तक, पायांत बेड्या आणि सुपात उडदाचे बाकळे, अशा अवस्थेत तिने भगवान महावीरांना आहार दिला. श्वेतांबर परंपरेनुसार ५ महिने २५ दिवसांचा त्यांचा अभिग्रह तेव्हा पूर्ण झाला. पुढे तीच साध्वीसंघाची प्रमुख झाली. दात्याच्या भूमिकेतून ती स्वतः वीरमार्गावर आली.

सोळा सतींत चंदनबालेबरोबर जिची गणना होते, त्या सीतेची कथा तर राळेगावच्या वेशीजवळच येऊन थांबते. तालुक्यातील रावेरी येथे सीतेचे प्राचीन मंदिर आहे. तेथे सीता रामाविना एकटी आहे. लोककथा अशी की, परित्यक्ता सीता येथे राहिली, लव-कुशांचा जन्म झाला आणि तिने गावात पसाभर गहू मागितले. गावाने ते दिले नाहीत. तेव्हा तिच्या शापामुळे रावेरीत गहू पिकेनासा झाला. पुढे संकरित बियाणे आले आणि गहू पिकू लागला, असे गावकरी सांगतात. शिवाराने तो शाप मागे टाकला. कथेने तो नकार अजून जपून ठेवला आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. पतीने आपली जमीन पत्नीच्या नावे करावी, ही ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीमही त्यांचीच.

विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘पउमचरियं’ या जैन रामकथेतही सीता गर्भवती असताना वनात सोडली जाते. तेथे हत्ती धरण्यासाठी आलेला पुंडरीकपुराचा राजा वज्रजंघ तिला भेटतो. तो तिला धर्मभगिनी मानून सन्मानाने आपल्या नगरीत नेतो. तिचे पुत्र लवण आणि अंकुश तेथेच वाढतात. अग्निपरीक्षेनंतर रामाने विनविले तरी सीता राजवाड्यात परतत नाही. ती केशलोच करून दीक्षा घेते. तिचे खरे प्रस्थान तेव्हा होते. या रामकथेत वज्रजंघ दोन-चार प्रसंगांपुरताच येतो. पण त्याने दार बंद केले असते तर पुढची कथाच घडली नसती.

रावेरीची आणि पुंडरीकपुराची सीता एकच आहे. दोन्हीकडे आश्रय मागणारी तीच आहे. फरक दारांत आहे.

सर्वांनाच ऋषभदेवांच्या वा महावीरांच्या वाटेने जाणे साधत नाही. श्रावकाच्या वाट्याला बहुधा दाराची भूमिका येते. सुपात्रदानात पात्रता पाहावी लागते. अनुकंपादानात समोरच्याचे दुःख एवढीच पात्रता पुरेशी असते. यवतमाळ जिल्ह्यात आज दारी येणारी व्यक्ती म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी असेल, शहरात शिकायला निघालेला कापूस वेचणाऱ्या मजुराचा मुलगा असेल. त्यांच्यापुढे रत्ने ठेवायची, की उसाचा रस, हे ओळखणे संस्थेचे काम आहे.

पन्नास वर्षांत मिळालेल्या देणग्यांची नोंद कोणत्याही संस्थेच्या दप्तरात सापडते आणि स्मरणिकेत देणगीदारांची नावेही छापली जातात. रिकाम्या हाताने परत गेलेल्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. रावेरीच्या कथेत पसाभर गहू नाकारणाऱ्या माणसांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. नकार संपूर्ण गावाच्या नावावर जमा झाला आहे. सुवर्ण महोत्सवी वर्षापासून विश्वस्तांनी आणखी एक वही ठेवावी. दारी कोण आले, काय मागितले आणि का देता आले नाही, एवढेच तीत लिहावे. शताब्दीच्या वेळी पुढच्या पिढीला ती वही निःसंकोच उघडता यावी.

जय जिनेंद्र!