मेंदूतला सातबारा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आधी एक घोळ निस्तरतो. आपल्याकडे ‘नस’ या शब्दात सगळंच कोंबलेलं असतं. रक्त काढायला सिस्टर नस शोधते, मान आखडली की नस दबलेली असते, आणि माझ्याकडे येणाऱ्या पेशंटची नस तुटलेली असते. मी बोलणार आहे ती रक्ताची नस नव्हे. मेंदूचा निरोप हाताला आणि हाताचा मेंदूला पोचवणारी ही तार आहे. दिसायला पांढरट, ओल्या सुतळीसारखी. मनगटातली मधली नस बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड असते आणि तिच्यात हजारो धागे असतात.

ती तुटली तर आम्ही मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने शिवतो. नातेवाइकांना वाटतं, वायर जोडली, आता दिवा लागणार. पण तुटलेल्या जागेच्या पुढचे धागे मरून गेलेले असतात. मागच्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि ते रिकाम्या नळ्यांमधून बोटांकडे सरकू लागतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटर धरले, तर नुसत्या प्रवासालाच पाच-सहा महिने गेले. शिवाय टाके कितीही नेटके पडोत, कुठला धागा कुठल्या नळीत शिरेल यावर सर्जनचा काही ताबा नसतो.

एका बाईंच्या हातात धुताना काचेचा ग्लास फुटला आणि मनगटातली नस कापली गेली. ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पेन्सिलीचं टोक तर्जनीला लावलं. “मधलं बोट,” त्या म्हणाल्या. मधल्या बोटाला लावलं, तर “इथे कुठंतरी, तळव्यात.” डोळे उघडून त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, की जणू तो कुणी उसना दिलाय. नस जगली होती, टपाल येत होतं, पण पाकिटांवरचे पत्ते बदलले होते. मेंदू मात्र ती पाकिटं जुन्याच खणांत टाकत होता.

हे खण कुठे आहेत, ते वाइल्डर पेनफिल्ड या मॉन्ट्रियलच्या सर्जनने दाखवलं. तो फक्त जागा बधिर करून, पेशंट जागा असताना मेंदूचं ऑपरेशन करी. मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा हलका स्पर्श केला की पेशंट सांगे, “अंगठ्याला मुंग्या आल्या,” “ओठाला काहीतरी झालं.” एडविन बोल्ड्रीबरोबर १९३७ साली त्याने याचा नकाशा छापला. त्यात हात आणि ओठांना भरपूर जमीन मिळाली आहे, अख्ख्या पाठीला जेमतेम एक वाफा. आणि हाताच्या शेताला लागून चेहऱ्याचं शेत आहे. हा शेजार लक्षात ठेवा, पुढे भांडण इथंच होणार आहे.

मोठ्या माणसाच्या मेंदूतला हा नकाशा कायमचा, असंच फार वर्षं धरून चालत. १९८३ च्या सुमारास मायकेल मर्झेनिक आणि जॉन कास यांनी माकडांच्या हाताची हीच मधली नस कापली आणि पुन्हा वाढू दिली नाही. मेंदूतला तिचा तुकडा पडीक राहायला हवा होता. तसं झालं नाही. हाताच्या इतर भागाला स्पर्श केला की तो तुकडा जागा होई, काही ठिकाणी तर जवळजवळ लगेच. एवढ्या वेळात नवं वायरिंग होत नाही. म्हणजे शेजाऱ्याचे जोड आधीपासूनच होते, मूळ मालकाच्या आवाजाखाली दबलेले. मालक गप्प झाला आणि शेजाऱ्याने बांध कोरला.

पण बांध कोरणं एक-दोन मिलिमीटरचं. १९९१ साली एक मोठंच प्रकरण बाहेर आलं. अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा मज्जारज्जूपाशीच कापल्या होत्या. १९८१ साली त्यांच्या हालांवरून कोर्टकचेरी झाली आणि पुढे ती माकडं वर्षानुवर्षं त्या वादात अडकून पडली. शेवटी त्यांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा नसा कापून बारा वर्षं उलटली होती. हाताचं सगळं शेत चेहऱ्याने व्यापलेलं होतं, १० ते १४ मिलिमीटर रुंदीचं. विज्ञानाला त्यातून खूप मिळालं, हे मान्य. त्या माकडांचे फोटो मी पाहिलेत, आणि हा किस्सा सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

यावरून लगेच मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि सॅन डिएगोत स्थिरावलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांना हात गमावलेली माणसं आठवली. अपघातात हात गेलेल्या एका तरुणाच्या गालाला त्यांनी कापसाचा बोळा लावला. गालावर बोळा आहे हे त्याला कळत होतंच, पण नसलेल्या हाताच्या अंगठ्यालाही कुणी शिवतंय असं वाटत होतं. चेहऱ्याने हाताचं शेत बळकावलं, हा निष्कर्ष त्यावरून जगभर गेला. वर्तमानपत्रांत मेंदू हवा तसा वळवता येतो म्हणून जे छापून येतं, त्याचं मूळ बरंचसं इथं आहे.

पण गावातल्या वादासारखंच, तलाठ्याकडे कागद पाहिल्याशिवाय बोलू नये.

पहिला कागद हरियाणातल्या मानेसरचा. तिथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांत पाहिलं, की चेहऱ्याचा हा विस्तार मेंदूच्या पृष्ठभागावर घडतच नाही. तो खाली, मेंदूच्या देठात होतो. तिथे हाताचे निरोप घेणारं एक केंद्र आहे. ते औषधाने तात्पुरतं बंद केलं, तर वर पृष्ठभागावर, हाताच्या शेतातला चेहऱ्याचा आवाज थांबला. हे २०१४ चं काम. म्हणजे बांध शाबूत होता, मागे पाट फुटला होता आणि शेजाऱ्याचं पाणी या शेतात येत होतं.

दुसरा कागद आणखी पुढचा. टॅमर मेकिन यांच्या गटाने हात कापावा लागणार अशा तीन माणसांचे मेंदू ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्कॅन केले, एकाचे तर पाच वर्षांपर्यंत. नसलेली बोटं हलवायला सांगितली, तर बोटांचा नकाशा जवळपास पूर्वीसारखाच निघाला आणि ओठांनी तो खाल्लेला नव्हता. हे २०२५ साली प्रसिद्ध झालं. नकाशा बदलतो म्हणणारे आणि बदलत नाही म्हणणारे, हे दोन पक्ष अजून भांडताहेत. मला त्यात फारसा विरोध दिसत नाही. जमीन शेजारी कसतोय आणि सातबारा मूळ मालकाच्याच नावावर आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागू नये.

आता त्या बाईंकडे येतो. थेरपिस्टने त्यांना घरचंच सामान आणायला सांगितलं. साबुदाणा, तूरडाळ, मोहरी, किल्ली, रुपयाचं नाणं, सगळं एका पिशवीत. आधी बघत हाताळायचं, मग डोळे मिटून, पुन्हा बघून खात्री करायची. रोज थोडा थोडा वेळ, महिनोन् महिने. दहा वर्षांच्या आतल्या मुलाचा मेंदू हे पत्ते जवळजवळ आपोआप बदलून घेतो. मोठ्यांना बसून गिरवावं लागतं. स्वीडनमध्ये गोरान लुंडबोर्ग यांच्या गटाने एक युक्ती काढली. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात क्रीम लावून बधिर करायचा. शेजारी गप्प झाला की हाताचं म्हणणं मेंदूला नीट ऐकू येतं, आणि स्पर्शज्ञान खरंच सुधारतं. बाईंनी क्रीम वापरलं नाही. वर्ष संपताना त्या मोहरी आणि मेथी चिमटीत ओळखू लागल्या. मोहरी आणि राळे मात्र अजून सांगता येत नाहीत.

शेवटचा पेशंट. मोटरसायकलवरून पडून उजव्या खांद्यातल्या नसा मज्जारज्जूपासूनच उपटल्या गेलेला, चोवीस वर्षांचा मुलगा. असं झालं की शिवायला मागे टोकच उरत नाही. मग आम्ही बरगड्यांमधल्या, श्वासाच्या तीन नसा उचलतो आणि दंडाच्या नसेला जोडतो. त्याला सहा-सात महिन्यांनी पहिली हालचाल दिसली, पण कोपर वाकवायचं तर खोल श्वास घ्यावा लागे. श्वास सोडला की हात खाली. घास तोंडाशी नेताना तो पाण्यात बुडी मारणाऱ्यासारखा छाती भरून घेई. जपानी डॉक्टरांनी १९९५ साली दाखवलं, की अशा पेशंटमध्ये दंडाला हुकूम देणारी मेंदूतली जागा हळूहळू धडाच्या भागातून हाताच्या भागाकडे सरकते.

दोन वर्षांनी तो आला, गप्पा मारत बसला, बोलता बोलता हात वाकवून त्याने कपाळावरचे केस मागे सारले. मी विचारलं, श्वास घ्यावा लागतो का अजून? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग हसला.

“नाही लागत, सर. पण शिंक आली की हात आपोआप वर येतो. सर्दी झाली की चहाचा कप मी डाव्या हातातच धरतो.”