एकाच जातीचीं दोन फुलें

वसंत ऋतूंत, एप्रिल-मे महिन्यांच्या सुमारास, इंग्लंडांतील कुरणांवर काउस्लिप नांवाच्या रानरोपट्याला पिवळीं फुलें येतात. जमिनीलगत सुरकुतलेलीं पानें, त्यांतून निघालेला वीतभर दांडा, आणि दांड्याच्या शेंड्यावर झुकलेल्या नळीदार फुलांचा झुबका, असें त्याचें रूप असतें. दुरून पाहणारास सारीं फुलें सारखींच वाटतात. परंतु एकेक फूल हातीं घेऊन त्याच्या नळींत डोकावलें, म्हणजे त्या एकाच जातींत दोन कुळें नांदत आहेत असें दिसून येतें.

एका कुळांतील फुलांचा स्त्रीकेसर लांब असतो. त्याचें वाटोळें टोंक टांचणीच्या डोक्याप्रमाणें नळीच्या तोंडाशीं दिसतें, आणि पुंकेसर खालीं नळीच्या मध्यावर दडलेले असतात. दुसऱ्या कुळांत सर्वच उलट: पुंकेसर तोंडाशीं, आणि आंखूड स्त्रीकेसर मध्यावर. इंग्लंडांत पहिल्या प्रकारास टांचणीचें, तर दुसऱ्यास विणकराच्या मागावर उरणाऱ्या सुतांच्या दशांचें नांव मिळालें आहे. एका रोपट्यावर एकाच कुळाचीं फुलें येतात, आणि मोठ्या कुरणांत दोन्ही कुळें साधारणतः निम्मीनिम्मी असतात.

हा भेद पूर्वींच्या वनस्पतिशास्त्रज्ञांस ठाऊक होता. परंतु तो कशासाठीं, हा प्रश्न चार्लस् डार्विननें १८६० च्या सुमारास मनावर घेतला. प्रथम त्याचा तर्क चुकला. लांब स्त्रीकेसराचीं रोपटीं हळूहळू केवळ स्त्रीजातीचीं होत असावींत, तेव्हां बीं त्यांनाच अधिक धरेल, असें त्यास वाटलें. त्यानें रोपट्यांवर खुणा केल्या, बीं गोळा करून तोललें, तों आंखूड स्त्रीकेसराच्या रोपट्यांचेंच पारडें जड भरलें! एखाद्यानें अशा वेळीं तराजूस दोष दिला असता. डार्विननें आपला तर्क टाकून दिला.

मग त्यानें रोपटीं जाळीखालीं झांकलीं, आणि किड्यांचें काम स्वतःच्या हातीं घेतलें. एका कुळाचा पराग त्याच कुळांतील फुलास दिला, तर बीं थोडें येई. दुसऱ्या कुळांतील फुलास दिला, तर भरपूर येई. १८६२ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. आपल्या शास्त्रीय आयुष्यांत या रचनेचा अर्थ उलगडण्याइतकें समाधान दुसऱ्या कशानेंही दिलें नाहीं, असें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

तो अर्थ असा. लांब सोंडेचा भुंगा मधासाठीं नळींत सोंड घालतो. तोंडाशीं असलेला पराग सोंडेच्या बुडाकडे चिकटतो, मध्यावरचा टोंकाकडे. पुढील फुलांत बुडाकडील पराग उंच स्त्रीकेसरास लागतो, आणि टोंकाकडील आंखूड स्त्रीकेसरास. सगोत्र विवाह टाळण्याची ही जणू निसर्गाचीच व्यवस्था! २०१६ सालीं तिचें आनुवंशिक मूळही सांपडलें: प्रिम्यूला कुळांत या भेदाचीं सूत्रें हालविणारा जनुकांचा एक लहानसा गट आंखूड स्त्रीकेसराच्या रोपट्यांतच असतो, आणि तोही एकेरी. म्हणूनच संततींत निम्मीनिम्मी वांटणी होते.

परंतु या व्यवस्थेंत एक धोकाही आहे. विसाव्या शतकांत नांगर आणि खतें यांमुळें इंग्लंडांतील जुनीं कुरणें बहुतेक नाहींशीं झालीं. जेथें दहापांच रोपटींच उरतात, तेथें केवळ योगायोगानें एक कुळ नष्ट होऊं शकतें. उरलेलीं रोपटीं अनेक वर्षें जगतात, दर वसंतांत फुलतात, भुंगेही येतात; परंतु ओटींत बीं जवळजवळ पडत नाहीं. फुललेलें कुरण पाहून जाणारा संतुष्ट होतो, आणि तेथें वंश खुंटला आहे हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं.

म्हणून २०१९ सालीं एस्तोनिया देशांतील तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनीं सामान्य नागरिकांनाच हीं फुलें तपासावयास सांगितलें. त्यास ना दुर्बीण लागत होती, ना प्रयोगशाळा. फुलांत डोकावून दोन कुळांची वेगवेगळी मोजदाद करावयाची, इतकेंच काम. अशा मोजणीनें एक गोष्ट मनावर ठसते: रोपटीं किती आहेत एवढें मोजून भागत नाहीं; त्यांना सोयरीक जुळेल असे शेजारी उरले आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें लागतें.