शेठजींचा पैसा आणि आपले मैदान

(सीतापुरा, जयपूर येथे भरलेल्या प्रतिनिधी शिबिरात मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या वाट्याला आज वेतन आयोगाचा विषय आला असता तर बरे झाले असते. पण काल रात्री जेवणाच्या पंगतीत जो वाद पेटला, तो सगळ्यांनी ऐकला आहे. दाल-बाटीची ताटे तशीच राहिली आणि आपण क्रिकेटवर भांडत बसलो. आपल्या एका शाखेने प्रश्न आणला आहे. त्यांच्या गावचा एक धनिक व्यापारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर रात्रीचे सामने भरवू म्हणतो. पहिले बक्षीस पाच लाखांचे, आणि इन्स्टिट्यूटला एक लाख देणगी. तरुण सभासद म्हणतात, घरी चालून आलेली लक्ष्मी कशाला परतवायची? जुने सभासद म्हणतात, भांडवलदाराला दारात उभे करू नका. सरचिटणीस मला म्हणाले, तुला क्रिकेटचे वेड आहे, उद्या तूच बोल. मी मॅट्रिक झालेला माणूस. पाहिले आणि वाचले तेवढेच सांगतो.

आधी माझेच पाप सांगतो. बारा-पंधरा वर्षे झाली असतील. आमच्या कॉलनीच्या इन्स्टिट्यूट कमिटीचा मी सेक्रेटरी होतो. असाच एक व्यापारी आला. नाव घेत नाही, गावाचेही घेत नाही. माणूस गोड. चहा पिता पिता सगळे ठरले. आठ दिवस सामने, विजेत्या संघाला मोटारसायकल, इन्स्टिट्यूटला कॅरम बोर्ड आणि पंखे. मी हात मिळवला आणि हो म्हणालो.

दिव्यांची वायर आमच्याच मीटरला जोडली गेली. लाऊडस्पीकर रात्री एकपर्यंत. पहाटे चारच्या ड्युटीवर जाणारा पॉइंट्समन आणि रात्रपाळी करून आलेला गार्ड, दोघांच्या बायका माझ्या दारात येऊन बोलून गेल्या, आणि त्यांचे चुकीचे नव्हते. मांडवाच्या बांबूंसाठी जे खड्डे खणले ते तसेच राहिले, वर पाऊस लागला, आणि कॉलनीच्या पोरांना दोन महिने मैदान नाही. अंपायर दोघे आपलेच होते, एक गँगमन आणि एक पोस्टमन. दर सामन्याला तीनशे रुपये ठरले होते. एक पैसा मिळाला नाही. मी शेठजींच्या पेढीवर गेलो तर मुनीम म्हणाला, "कागद दाखवा." कागद कुठला? तीस वर्षे दारोदार सांगत फिरलो की साहेबाकडून प्रत्येक गोष्ट लेखी घ्या, आणि मी स्वतः तोंडी घेतले होते. विजेचे बिल कमिटीने वर्गणी काढून भरले. अंपायरांचे पैसे मी घरून नेऊन दिले. गँगमनने घेतले. पोस्टमन म्हणाला, "राहू द्या अण्णा, तुमची चूक तुम्हाला लक्षात राहील." राहिली आहे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सगळ्या देशात झालेली आहे, आणि तिच्यात आपल्या रेल्वेचे नाव आहे. सन २००७. मार्चमध्ये वेस्ट इंडिजच्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. बांगलादेशाकडून हरलो, श्रीलंकेकडून हरलो. लोक चिडलेले. एप्रिलमध्ये झी वाहिन्यांचे मालक सुभाष चंद्र यांनी इंडियन क्रिकेट लीग जाहीर केली. शंभर कोटींची तरतूद, विजेत्या संघाला दहा लाख डॉलर, आणि प्रमुख म्हणून कपिल देव. यामागे देशप्रेम किती आणि धंदा किती, ते तुम्हीच ठरवा. या गृहस्थांना क्रिकेटचे प्रक्षेपण हवे होते. २००४ मध्ये त्यांच्या कंपनीने बोर्डाकडे सर्वांत मोठी बोली लावली होती, ती रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींनी निकाल दिला की क्रिकेट बोर्ड हे घटनेच्या अर्थाने 'राज्य' नव्हे. प्रक्षेपण मिळत नाही, तर सामनेच आपले भरवू, असा हा हिशेब. ऑस्ट्रेलियाच्या केरी पॅकरने १९७७ मध्ये नेमके हेच केले होते.

तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी या लीगचे स्वागत केले आणि रेल्वेची मैदाने तिला खुली आहेत असे जाहीर केले. साथींनो, खोटे कशाला बोलू, आमच्या युनियन ऑफिसात आम्ही टाळ्या वाजवल्या. बोर्डाची मिरासदारी मोडतेय म्हणून बरे वाटले. पण ज्या मैदानांवर कॉलनीची पोरे आणि आपले संघ खेळतात, ती देण्याआधी कुणी कामगाराला विचारले होते का, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. गंमत अशी की मैदानांवाचून लीगचे खरोखरच अडले होते. बोर्डाच्या ताब्यातली स्टेडियमे बंद, म्हणून पहिले सामने नोव्हेंबरअखेर हरियाणात पंचकुल्याला भरवावे लागले. कोट्यवधी रुपये असलेल्या माणसालाही मैदान दुसऱ्याकडून मागावे लागते. आपल्या हातात काय आहे ते यावरून ओळखा.

मग बोर्डाने काय केले? तेव्हा अध्यक्ष आपले शरद पवार होते. जो त्या लीगमध्ये जाईल त्याला भारताकडून खेळता येणार नाही, रणजी खेळता येणार नाही. कपिल देवना बंगळूरच्या राष्ट्रीय अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढले. त्यांचे आणि लीगबरोबर गेलेल्या इतर जुन्या खेळाडूंचे पेन्शन थांबवले. पेन्शन म्हणजे काय हे या मांडवात कुणाला समजावून सांगायला नको. केलेल्या नोकरीचे ते पैसे असतात. आज तुम्ही कुणाबरोबर बसता-उठता यावरून ते थांबवता येत असेल, तर ते पेन्शन नाही, बक्षिसी आहे. कपिल देव २०१२ मध्ये बोर्डाशी जुळवून परत आले, तेव्हा कुठे त्यांचे पैसे सुटले.

कपिल देव मोठा माणूस. खाली कोण होते ते पाहा. जयप्रकाश यादव, आपल्या रेल्वेचा अष्टपैलू खेळाडू, भारताकडूनही एकदिवसीय सामने खेळलेला. आपला महाराष्ट्राचा सलामीचा फलंदाज धीरज जाधव. अशी कितीतरी पोरे रणजीत वर्षानुवर्षे राबली होती आणि वर संधी मिळेल अशी आशा उरली नव्हती. त्यांना एका मालकाने चांगला पगार देऊ केला, ते गेले. यात गद्दारी कसली? बांगलादेशाच्या बोर्डाने तर २००८ मध्ये तिकडून गेलेल्या तेरा खेळाडूंवर दहा दहा वर्षांची बंदी घातली. पॅकरच्या वेळी लंडनच्या हायकोर्टाने १९७७ मध्येच सांगितले होते की माणसाला दुसरीकडे काम करण्यापासून असे अडवणे बेकायदा आहे. पण तिथे कोर्टात खेळाडू स्वतः उभे राहिले होते. आपल्याकडे खेळाडूंची युनियनच नव्हती, मग उभे कोण राहणार?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोललो असे होईल. लीग जाहीर झाल्यावर काही महिन्यांतच बोर्डाने देशांतर्गत स्पर्धांची बक्षिसे आणि खेळाडूंचे मानधन वाढवले. वर्षानुवर्षे मागूनही जे मिळाले नव्हते, ते दुसरा मालक दारात उभा राहिल्याबरोबर मिळाले. सप्टेंबरमध्ये बोर्डाने स्वतःची आयपीएल जाहीर केली. जानेवारी २००८ मध्ये आठ संघ ७२ कोटी डॉलरच्या वर किमतीला विकले. सर्वांत स्वस्त गेला तो या जयपूरचा, ६ कोटी ७० लाख डॉलरला, आणि जूनमध्ये नेरूळच्या मैदानावर चेन्नईला हरवून पहिला करंडक त्याच संघाने नेला. मी तो सामना रनिंग रूमच्या टीव्हीवर पाहिला आणि ओरडलो, हेही कबूल करतो. खेळ गोड असतो, म्हणूनच तर त्यात पैसे टाकणाऱ्याचे फावते.

आणि पहिल्या लीगचे काय झाले? २००९ मध्ये बोर्डाने माफी जाहीर केली, पोरे एकेक करून परतली, दुकान बंद. कित्येक खेळाडूंनी आणि बाहेरच्या देशांतल्या त्यांच्या संघटनांनी मानधन थकल्याच्या तक्रारी पुढे बरीच वर्षे केल्या. मालकाचा डाव फसला की तो दुसऱ्या धंद्याकडे वळतो. जयप्रकाशची आणि धीरजची उमेदीची दोन वर्षे मात्र कुणी परत दिली नाहीत.

आपण जिथे बसलो आहोत तिथलीही गोष्ट आहे. या टोंक रोडने सरळ शहराकडे गेलात की सवाई मानसिंग स्टेडियम लागते. ते सरकारी मालकीचे. राजस्थानच्या क्रिकेट संघटनेवर २००५ च्या सुरुवातीला उद्योगपती घराण्यातले ललित मोदी निवडून आले. त्याच सुमारास राज्य सरकारने क्रीडा संघटनांचा नवा कायदा आणला आणि संघटनेतली मतदानाची जुनी व्यवस्था बदलली. पुढे आयपीएलची सूत्रे त्यांच्याच हाती होती. २०१० मध्ये बोर्डाने त्यांना निलंबित केले, २०१३ मध्ये शिस्तभंगाच्या आरोपांवरून आजन्म बंदी घातली. त्यांनी सगळे आरोप नाकारले आहेत आणि त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा त्यापुढचा. २०१४ मध्ये ते परदेशात असतानाच पुन्हा राजस्थान संघटनेचे अध्यक्ष निवडून आले, म्हणून बोर्डाने सगळी राजस्थान संघटनाच निलंबित केली. ती बंदी २०१७ च्या अखेरीपर्यंत चालली. भांडण वरच्या दोघांचे. पण बिकानेर-उदयपूरच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आपली संघटना आहे की नाही, निवड कोण करणार, हे तीन वर्षे कळेना.

आता टपालवाल्या साथींसाठी एक गोष्ट सांगतो, कारण बचतीचे काम तुम्ही करता. ॲलन स्टॅनफर्ड नावाचा एक अमेरिकन अब्जाधीश होता. जून २००८ मध्ये तो लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हेलिकॉप्टरने उतरला. बरोबर नोटांनी भरलेली पारदर्शक पेटी. दोन कोटी डॉलरचा एकच सामना. इंग्लंडच्या बोर्डाचे पुढारी पेटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. एक नोव्हेंबरला अँटिग्वा बेटावर सामना झाला, वेस्ट इंडिजच्या खेळाडूंचा संघ दहा गडी राखून जिंकला, अकरा जणांना प्रत्येकी दहा लाख डॉलर. पोरे गरीब घरची, नाचली. चौथ्या महिन्यात अमेरिकेच्या सरकारने स्टॅनफर्डवर फसवणुकीचा खटला भरला. २०१२ मध्ये त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. सुमारे सातशे कोटी डॉलरचा घोटाळा. त्याची बँक जास्त व्याजाची ठेव-प्रमाणपत्रे विकायची, नव्याच्या ठेवीतून जुन्याला व्याज द्यायची. ठेवीदार कोण? हजारो माणसे, आणि त्यांत लुइझियानाच्या तेल कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार. म्हणजे आपल्या भाषेत प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी. आयुष्यभर पाइप जोडणाऱ्या माणसाची पुंजी पारदर्शक पेटी होऊन लॉर्ड्सवर उतरली होती. तिथे उभ्या असलेल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही की हे पैसे आले कुठून.

काल एका तरुण साथीने मला विचारले, अण्णा, मग तुमच्या काळात काय उद्योगपती क्रिकेटला पैसे देत नव्हते? देत होते. गावसकर निर्लॉनमध्ये नोकरीला होते, वाडेकर स्टेट बँकेत. मुंबईत टाइम्स शील्डला कचेऱ्या-कचेऱ्यांचे संघ उतरायचे. रेल्वेने शेकड्यांनी खेळाडू पोसले. धोनीसुद्धा खरगपूरला तिकीट तपासत होता. २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रेल्वेने रणजी जिंकली ती या पगारदार माणसांच्या जिवावर. मिताली राजही रेल्वेचीच. पण तो पैसा नोकरी म्हणून यायचा. हजेरीपट, फंड, पास, क्वार्टर. गुडघा मोडला तरी महिन्याच्या महिन्याला पगार. आता लिलावात बोली लागते, आणि ज्याच्यावर लागत नाही तो घरी बसतो. इथे सीतापुऱ्यातल्या कपड्यांच्या कारखान्यांत सुटणाऱ्या पाळीतल्या बायकांना विचारा, नगावर काम म्हणजे काय ते त्या सांगतील.

तेव्हा आपल्या शाखेच्या प्रश्नाबद्दल माझे मत. मी जुन्या साथींइतका कडक नाही. पैसा नको असे मी म्हणणार नाही. पोरांना रात्रीच्या दिव्यात खेळायची हौस आहे आणि ती वाईट नाही. पण ते मैदान माझेही नाही, शाखेच्या सेक्रेटरीचेही नाही. आधी प्रशासनाची लेखी परवानगी, कारण जमीन रेल्वेची आहे आणि उद्या नोटीस येईल ती शेठजींना नाही, आपल्या कमिटीला येईल. मग कॉलनीची सभा, तीत बायकांना बोलवा, लाऊडस्पीकर किती वाजता बंद ते त्यांना ठरवू द्या. वीज जनरेटरवर, त्यांच्या खर्चाने. अंपायर, गुणलेखक आणि मैदान सारवणारा यांचे पैसे पहिला चेंडू पडायच्या आत इन्स्टिट्यूटच्या खात्यात, चेकने. मैदान दुरुस्तीची अनामत वेगळी. संध्याकाळी पाच ते सात कॉलनीच्या पोरांची वेळ, तिला हात नाही. आणि ते एक लाख कुठल्या फर्मच्या नावाने येणार ते पावतीवर लिहा. हे सगळे मान्य करून शेठजी सही करत असतील तर सामने भरवा, मी स्वतः पाहायला येईन. गोड बोलून "आपल्यात कागद कशाला" म्हणाले, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

मसुदा मी काल रात्री वहीत उतरवला आहे. अक्षर वाईट आहे म्हणून नाशिकच्या आपल्या टपालवाल्या ताईंनी तो चांगल्या अक्षरात काढायला घेतला आहे. दुपारच्या सत्रात त्या वाचून दाखवतील. ज्यांना दुरुस्ती सुचवायची आहे त्यांनी जेवणाच्या आत चिठ्ठी द्यावी, नाव आणि शाखा लिहून. गुणलेखकाला किती द्यायचे तो आकडा मी कोरा ठेवला आहे, तो सभेने भरावा.